चवथीची ड्युटी कोणाच्या वाट्याला?

या महिन्यात सदराकडे आलेली बरीचशी पत्रे इतरांची काळजी घेणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशांची आहेत. परिचारिका आहेत, वृद्धाश्रमातली सेविका आहे, आणि एका परिचारिकेचे यजमानही आहेत. त्यांतली चार पत्रे येथे घेतली आहेत. तालुका तेवढा ठेवून बाकीचे तपशील बदलले आहेत, कारण आपला गोवा लहान आहे. वॉर्ड आणि साल सांगितले की उरलेले सगळे बसस्टँडवरच कळते.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मी सासष्टीतल्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम करते. कामाचा कंटाळा मला कधी नव्हता. दोन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात नवीन इन-चार्ज सिस्टर आल्या आणि सगळे बदलले. सलग दोन वर्षे चवथीला माझीच ड्युटी लागली. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला मी घरी नव्हते, हे आईने अजून मनातून काढलेले नाही. ड्युटी बदलताना हँडओव्हरच्या वेळी रुग्णांच्या नातेवाइकांसमोर त्या मला ‘इतलें पसून कळना तुका?’ असे विचारतात. एकदा डॉक्टरांच्या अक्षरात इन्सुलिनचा डोस दहा आहे की शंभर, ते मला नीट दिसेना म्हणून मी विचारले, तर त्यांनी तो कागद सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, सहा वर्षे झाली तरी हिला आकडे वाचता येत नाहीत. सगळ्या हसल्या. आता मी पॅन्ट्रीत गेले की बोलणे थांबते, म्हणून मी डबा लिननच्या खोलीत बसून खाते. रात्री झोप लागत नाही आणि सकाळी बस रुग्णालयाच्या वळणावर आली की छातीत धडधडायला लागते. परवा एका आजीने तिसऱ्यांदा बेल वाजवली तेव्हा मी तिच्यावर खेकसले. असे मी पूर्वी कधी केले नव्हते. आई म्हणते, तोंड मिटून राहा, सरकारी भरतीची जाहिरात येईल. हा छळ आहे की मीच हळवी आहे? बर्नआउट म्हणतात ते हेच का? नोकरी सोडू का? (एक परिचारिका, सासष्टी)

उत्तर: तुमच्या पत्रातल्या इन्सुलिनच्या प्रसंगापासून सुरुवात करते, कारण तुम्ही तो ओघात लिहून पुढे गेला आहात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युनिट या शब्दाऐवजी नुसते इंग्रजी यू अक्षर आकड्याला चिकटवून लिहिले की घाईच्या अक्षरात ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. ही चूक जगभरच्या रुग्णालयांत इतक्या वेळा झालेली आहे की ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, असे रुग्णसुरक्षेच्या सूचनांमध्ये आवर्जून सांगितलेले असते. दहाऐवजी शंभर युनिट गेले तर रक्तातली साखर जीवघेणी खाली येऊ शकते. तेव्हा तुम्ही जे विचारले ते चांगल्या परिचारिकेने विचारायचेच असते. त्या दिवशी ज्या हसल्या त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली असणार, की शंका आली तरी या वॉर्डात तोंड उघडायचे नाही. पुढच्या वेळी ज्याचा कागद अस्पष्ट असेल त्या रुग्णाला त्या हसण्याची किंमत मोजावी लागू शकते.

आता हळवेपणाविषयी. वरिष्ठ एखाद्या दिवशी चिडले, टाकून बोलले, तर त्याला छळ म्हणता येत नाही. वॉर्डात गर्दी असली की कोणाचाही तोल जातो. जर्मनीत जन्मलेले आणि स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी १९८०च्या दशकात कामाच्या ठिकाणच्या छळाचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा त्यांनी कसोटी ठरवली ती अशी, की त्रासदायक वागणूक आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चालू असली पाहिजे. अशा वागणुकीच्या ४५ प्रकारांची यादीही त्यांनी केली. तीत अपमान आणि अफवा तर आहेतच, पण माणसाशी बोलणे बंद करणे, त्याला एकटे पाडणे, त्याला मुद्दाम गैरसोयीचे काम देणे हेही आहे. स्वीडनने पुढे १९९३ साली या विषयावर स्वतंत्र नियमावलीच केली. तुमची दोन वर्षे, तुमचा ड्युटी चार्ट आणि लिननच्या खोलीतला तुमचा डबा या कसोटीला लावून पाहा. आठवड्यातून एकदा ही अट तुमच्या बाबतीत पुरी होते का, हे तुम्हालाच ठाऊक. पत्रावरून तरी ती होत असावी असे दिसते. तसे असेल तर याला छळच म्हणावे लागेल, आणि तो सोसणाऱ्याच्या स्वभावाचा येथे प्रश्न येत नाही.

बर्नआउट ही वेगळी गोष्ट आहे, जरी तुमच्या बाबतीत दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असल्या. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द लेखात वापरला, तो एका मोफत दवाखान्यात झपाटल्यासारखे राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे आणि स्वतःकडेही पाहून. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगे दाखवली: मनातली ओल संपून जाणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती, असे तिचे वर्णन आहे. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पेज खाली करपते तेव्हा वरचे पाणी पांढरेच दिसते आणि वास बराच उशिरा येतो. तो आल्यावर दोष तांदळाला कोणी देत नाही, आच किती ठेवली होती ते पाहतात. आजीवर खेकसलात तो करपल्याचा वास आलेला क्षण होता.

या दोन गोष्टींना जोडणारा दुवा म्हणजे आधार. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली मांडले की कामाचा भार मोठा आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा थोडी, असे जेथे असते तेथे माणूस सर्वांत लवकर थकतो. १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल या अभ्यासकांनी त्यात तिसरी बाजू जोडली, ती सोबतच्या आधाराची. भार मोठा, मुभा थोडी आणि वर माणूस एकटा, ही सर्वांत वाईट अवस्था. परिचारिकेच्या कामात पहिल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा असतातच. उरतो तो सहकाऱ्यांचा आधार, आणि छळ नेमका तोच काढून घेतो. तुमच्या इन-चार्जबाईंचे बोलणे तुम्हाला लागले हे खरेच, पण तुमचे पत्र पुन्हा वाचले तर दिसेल की पॅन्ट्रीतल्या शांततेने तुम्हाला त्याहून जास्त मोडले आहे.

आधार म्हटला की आपल्याकडे धीराचे दोन शब्द एवढेच डोळ्यांसमोर येते. समाजशास्त्रज्ञ जेम्स हाऊस यांनी १९८१ मध्ये त्याचे चार प्रकार वेगळे केले: मायेचा आधार, प्रत्यक्ष हातभार, माहितीचा आधार, आणि आपले काम कसे आहे हे प्रामाणिकपणे सांगणारा आधार. तुमच्या आईकडून तुम्हाला पहिला मिळतो आणि तो थोडका नाही. मात्र उरलेले तीन घरात मिळणार नाहीत, ते वॉर्डातच उभे करावे लागतील. म्हणून पहिले काम हे करा, की हसणाऱ्यांमधली जी सर्वांत कमी हसली असेल तिला वॉर्डाबाहेर गाठा. ‘मला फार त्रास होतो’ असे मोघम सांगू नका. माणसे अशा वाक्यावर मान हलवतात आणि निघून जातात. ‘हँडओव्हरच्या वेळी माझ्या शेजारी उभी राहा’ एवढेच मागा. बोलायचे नाही, भांडायचे नाही, नुसते उभे राहायचे. माझा अनुभव असा आहे की शेजारी एक जण उभे असले तरी ओरडणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो, आणि पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर एक साक्षीदार तयार असतो.

दुसरे, एक साधी वही करा आणि ती घरी ठेवा. तारीख, वेळ, कोण हजर होते आणि कोणते शब्द वापरले गेले, एवढेच त्याच दिवशी लिहायचे. रुग्णाचे नाव लिहू नका, रुग्णालयाचा संगणक वापरू नका, आणि व्हॉट्सॲपवर कोणाजवळ मन मोकळे करू नका. तो मजकूर संध्याकाळपर्यंत कोणाच्या नणंदेच्या फोनवर असेल ते सांगता येत नाही. जुने ड्युटी चार्ट मिळाले तर त्यांची प्रत ठेवा. मेट्रनकडे, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांकडे, जाल तेव्हा इन-चार्जच्या स्वभावाविषयी बोलू नका, चार्टाविषयी बोला. दोन वर्षांत किती सण, किती नाईट आणि किती ऑफ कोणाच्या वाट्याला आले, हा कागद समोर ठेवला की त्यावर मतभेद होऊ शकत नाही. आपल्याकडच्या अनेक वॉर्डांत एक सुंदर रीत पाहिली आहे. चवथीला ख्रिस्ती सिस्टर ड्युटी घेतात आणि नाताळच्या रात्री हिंदू सिस्टर त्यांची परतफेड करतात. कोठल्याही नियमपुस्तकात हे लिहिलेले नसते, पण जेथे ही देवाणघेवाण चालू असते तेथे एकमेकींच्या बाकीच्या अडचणीही सांभाळल्या जातात. तुमच्या वॉर्डात ती का थांबली, हा प्रश्न मेट्रनला जरूर विचारा. तोंडी बोलल्यानंतर तेच दोन परिच्छेदांत लिहून द्या आणि पोच घ्या.

कायद्याविषयी स्पष्ट सांगायला हवे. या वागणुकीत लैंगिक स्वरूपाचे काही असते, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी असावीच लागणारी अंतर्गत समिती तुमच्या कामी आली असती, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागली असती. निव्वळ अपमान, एकटे पाडणे आणि चार्टातला अन्याय यांच्यासाठी आपल्या देशात असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून वहीचे आणि साक्षीदाराचे महत्त्व अधिक.

नोकरी सोडणे हा पळपुटेपणा नव्हे, पण ती आज रागाच्या भरात सोडू नका. वही, मेट्रन आणि लेखी अर्ज यांना मनाशी एक मुदत द्या. तीन महिने म्हणा. काही हलले नाही तर दुसरी जागा हाती घेऊन, अनुभवाचा दाखला आणि मूळ प्रमाणपत्रे ताब्यात घेऊन मगच बाहेर पडा. सरकारी भरतीची वाट पाहण्यात गैर नाही, पण वाट पाहणे हा उपाय नव्हे, आणि नवीन वॉर्डातही इन-चार्ज असतातच.

छातीतल्या धडधडीसाठी मात्र डॉक्टरांना भेटा. रक्तक्षय आणि थायरॉईड यांतूनही ती होते आणि दोन्ही साध्या तपासणीत कळतात; सगळे मनाच्या माथी मारू नये. ते ठीक निघाले आणि झोप तशीच राहिली तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात जायला संकोच करू नका. तेथे कोणी ओळखीचे दिसेल अशी भीती वाटत असेल, आणि आपल्याकडे ती खोटी नसते, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्न: मी बार्देशातल्या एका वृद्धाश्रमात नऊ वर्षे सेविका आहे. सुरुवातीला एखादी आजी गेली की मी दोन दिवस जेवत नसे. गेल्या महिन्यात लागोपाठ दोघे गेले आणि मी चादरी बदलून पुढच्या खोलीत गेले. आम्ही आता नावे घेत नाही, ‘सात नंबरला पेज द्या’ असेच म्हणतो. आंघोळीचे पाणी मी पूर्वी कोपराने पाहून मगच ओतत असे. परवा एक आजोबा पाणी फार गरम आहे म्हणून ओरडले, तेव्हा लक्षात आले की मी पाहिलेच नव्हते. मी दगड झाले आहे का? (एक सेविका, बार्देश)

उत्तर: दगड हा शब्द बाजूला ठेवू, पण पाण्याची गोष्ट बाजूला ठेवता येणार नाही. मृत्यूनंतर रडू न येणे ही नऊ वर्षांनंतरची नैसर्गिक गोष्ट आहे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. प्रत्येक मृत्यूनंतर दोन दिवस उपाशी राहणारी सेविका वर्षभरही टिकली नसती. नंबरांचेही तसेच आहे. मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीज यांनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला, त्यात ‘दहा नंबरचे यकृत’ आणि ‘पंधरा नंबरचा न्यूमोनिया’ अशाच भाषेची नोंद आहे. त्यांचे म्हणणे असे होते की वेदना आणि मरण यांच्या सततच्या सहवासात जी घालमेल होते तिच्यापासून वाचण्यासाठी सगळी व्यवस्थाच माणसांना आकडे बनवते. अडचण ही, की त्यामुळे घालमेल संपत नाही, कामातले समाधान तेवढे संपते. अशा व्यवस्थेत ठरलेल्या वेळी झोपेची गोळी देण्यासाठी झोपलेल्या रुग्णाला उठवले जाई, असेही त्यांनी नोंदवले आहे.

कोरडेपणा मनात आहे तोवर तो तुमचा प्रश्न आहे. तो हातात उतरला, म्हणजे कूस बदलताना धसमुसळेपणा येऊ लागला, घास मोठे होऊ लागले, पाणी पाहायचे राहू लागले, की तो आजोबांचा प्रश्न होतो. म्हणून हे आधी आश्रमाच्या व्यवस्थापकांना सांगा, आणि दोन-तीन आठवडे आंघोळ व कूस बदलण्याच्या कामाऐवजी स्वयंपाकघर, औषधांची नोंद किंवा बाग असे काम मागा. बरोबरीने सुट्टीही घ्या. मात्र सुट्टीने शरीर सावरते, हा कोरडेपणा नुसत्या सुट्टीने जात नाही. आठ दिवस मालवणला जाऊन आल्यावर नवव्या दिवशी पहिल्याच खोलीत तो पुन्हा भेटतो, असे अनेकांनी मला सांगितले आहे.

त्याला उतारा लागतो तो बोलण्याचा, आणि तेही त्याच कामातल्या माणसांशी. लंडनमध्येच मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट यांनी १९५०च्या दशकात डॉक्टरांचे छोटे गट बसवले. तेथे औषधांची चर्चा होत नसे, एखादा रुग्ण आपल्याला का नकोसा होतो याची होत असे. इतके लांब जायला नको. आपल्या गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलण्याचे काम दिले, आणि त्या उपचाराचे चांगले परिणाम २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या कामातला मला आवडलेला भाग असा, की हे समुपदेशक गटाने बसून एकमेकांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि त्यावर गुण देत. काम एकट्याने करायचे, पण ते एकट्याने वाहायचे नाही, अशी ती सोय होती. तुमच्या आश्रमात ध्वनिमुद्रणाची गरज नाही. कोणी गेले की त्या दिवशीच्या सगळ्या सेविकांनी चहाला दहा मिनिटे एकत्र बसावे आणि गेलेल्या माणसाची एकेक आठवण सांगावी. त्यांना चहात साखर किती लागे, कोणत्या मुलाचा फोन आला की ते कपडे बदलून बसत. नाव घेऊन सांगावी, नंबराने नव्हे. कोपराने पाणी पाहायची सवय मात्र उद्यापासूनच परत सुरू करा, मनात काही वाटो अगर न वाटो.

प्रश्न: मी २४ वर्षे या व्यवसायात आहे आणि आता इन-चार्ज आहे. आमच्या वॉर्डातल्या मुलींनी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला ‘हिटलर’ नाव ठेवले आहे, हे मला माझ्या भाचीकडून कळले. आम्हाला आमच्या सिस्टरांनी याहून कडक वागवले. आम्ही बाथरूममध्ये जाऊन रडलो, पण शिकलो. रात्री ३० रुग्णांना दोन मुली, त्यात एक नवीन. मी कडक राहिले नाही तर कोणी तरी मरेल. शिस्त लावणे हा छळ कधीपासून झाला? (एक इन-चार्ज सिस्टर, तिसवाडी)

उत्तर: सिस्टर, तुमचे पत्र आले याचा मला आनंद झाला, कारण या बाजूने सहसा कोणी लिहीत नाही. शिस्त आणि छळ यांत फरक आहे, आणि आवाज किती चढला यावर तो ठरत नाही. शिस्त कृतीविषयी बोलते, सगळ्यांना सारखी लागू होते, आणि चूक सुधारली की संपते. छळ माणसाविषयी बोलतो, त्याला प्रेक्षक लागतात, ठरावीक व्यक्तींवरच तो फिरून फिरून येतो, आणि चूक सुधारली तरी संपत नाही. ‘सलाइनची गती पुन्हा मोजा’ हे ओरडून सांगितले तरी शिस्तच आहे. ‘तुम्हा आजकालच्या मुलींना काही येत नाही’ हे हसत सांगितले तरी नाही. गेल्या पंधरवड्यातली तुमचीच वाक्ये आठवून या दोन गठ्ठ्यांत टाकून पाहा. मी दूर बसून तुम्हाला निकाल देणार नाही.

‘रडलो पण शिकलो’ याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. तरुणपणी मी एका रुग्णालयात समाजसेविका होते. तेथे एकदा एका वरिष्ठ बाईंनी मला भेटीच्या वेळेत, नातेवाइकांनी भरलेल्या वऱ्हांड्यात झाडले. त्यांची मोरपंखी साडी, हातातली फाइल, माझ्याकडे पाहून मान फिरवणारा एक म्हातारा, हे सगळे मला आज लख्ख आठवते. चूक काय होती ते आठवत नाही. तुम्ही शिकलात त्या रडण्यामुळे की रडून झाल्यावर कोण्या दुसऱ्या सिस्टरने हात धरून दाखवल्यामुळे, हे तुम्हीच नीट आठवून पाहा.

आणि कोणी मरेल या भीतीविषयी. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदींत त्या जास्त दिसल्या. उलगडा असा झाला, की तेथे परिचारिका चूक मोकळेपणाने सांगत होत्या आणि जेथे धाक होता तेथे ती दडवली जात होती. तुमच्या वॉर्डात गेल्या सहा महिन्यांत किती मुली स्वतःहून ‘सिस्टर, माझ्याकडून हे चुकले’ असे म्हणत आल्या, हा आकडा काढा. तो शून्य असेल तर चुका होत नाहीत असा त्याचा अर्थ घेऊ नका.

पण तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, ३० रुग्णांना दोन मुली, आणि त्याला कोणत्याही गोड बोलण्याने उत्तर मिळणार नाही. तेथे तुम्ही स्वतःच चिरडल्या जात आहात. वरून मनुष्यबळ मिळत नाही, खालून कामे अपुरी राहतात, आणि मधल्या माणसाजवळ आवाज हे एकच हत्यार उरते. म्हणून प्रत्येक रात्रीची रुग्णसंख्या, हजर परिचारिका, आणि त्यामुळे उशिरा झालेली किंवा राहून गेलेली औषधे यांची महिनाभर नोंद ठेवा आणि ती वरिष्ठांना लेखी कळवा. त्या नोंदी मुलींना करायला सांगा. आपली सिस्टर आपल्यासाठी वरच्यांशी भांडते आहे, हे त्यांना दिसू द्या. ‘हिटलर’ या नावाचा विषय ग्रुपवर किंवा भाचीमार्फत अजिबात काढू नका. तुमच्या गठ्ठ्यांत एखादे वाक्य नको त्या बाजूला पडले असेल तर ज्या मुलीला ते बोललात तिची क्षमा मागा, आणि ते बोलणे चारचौघांत झाले असेल तर क्षमाही चारचौघांत मागा. तुमचा वचक त्याने कमी होईल ही भीती मी समजू शकते. मी पाहिलेल्या दोन-तीन उदाहरणांत तसे झाले नाही.

प्रश्न: माझी पत्नी परिचारिका आहे. नाईट करून आली की तिची चिडचिड होते, विचारले तर बोलत नाही. आई म्हणते, दिवसा झोपणारी सून आमच्या घरात कधी नव्हती. मी काय करू? (एक पती, डिचोली)

उत्तर: दार उघडताच ‘कसे गेले?’ असे विचारू नका. रात्रभर तिने प्रत्येकाला उत्तरे दिलेली असतात. चहा द्या, आणि तिला हवे तर ती दुपारी उठल्यावर बोलेल. बोलली तर ऐका, तोडगा सुचवू नका, आणि ‘मग सोडून दे ना नोकरी’ हे वाक्य तर मुळीच नको, कारण त्याने तिचे सांगणे तेथेच संपते. अमुक एका प्रसंगी तुम्ही काय करावे असे तिला वाटते, हे विचारले तर चालेल.

खरी मदत मात्र झोपेची आहे. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते, त्यामुळे दिवसाची झोप मुळातच उथळ आणि अपुरी होते; पाच-सहा तास सलग मिळाले तरी पुष्कळ. खोलीला जाड गडद पडदे लावा, तिचा फोन तुमच्याकडे घ्या, बेलची वायर काढा. मुलांचा डबा, गॅसचा माणूस, पंचायतीचा कागद ही कामे त्या दिवशी तुमची. नाईटनंतर तिला स्वतः स्कूटर चालवत येऊ देऊ नका, शक्य असेल तेव्हा आणायला जा. झोपेने जड झालेले डोळे आणि सकाळचा खाणपट्ट्यातला रस्ता यांचे जमत नाही.

आईंना व्याख्यान देण्यापेक्षा एखादी रात्र रुग्णालयात कोणाच्या सोबतीला राहण्याचा प्रसंग आला तर त्यांना पाठवा, पहाटे तीन वाजता बेल वाजल्यावर कोण येते ते त्यांना दिसेल. तोवर त्यांच्याकडे एक काम सोपवा. पाववाला पोदेर सहालाच येऊन जातो, त्याची अडचण नाही, पण दहाच्या सुमारास दारात येऊन भोंगा वाजवणाऱ्या मासळीच्या नुस्तेवाल्याला गप्प करायचे आहे, आणि तुमच्या घरात त्याच्याशी गेली वीस वर्षे घासाघीस करणाऱ्या त्याच असतील. तुमचे तो ऐकणार नाही, त्यांचे ऐकेल.